लंडन ते टोकियो : विमानप्रवासाच्या वेळेचा हिशोब

कामानिमित्त लंडनहून टोकियोला जायचे ठरले, तेव्हा पोहोचल्या दिवशीच बैठक ठेवता येईल का, हे मला आधी कळवायचे होते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी मी अंतराचा आणि वेळेचा हिशोब स्वतःच मांडून पाहिला.

नेहमीच्या सपाट नकाशावर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ कझाकस्तान आणि चीनवरून जाते आणि त्या मार्गाचे अंतर सुमारे ११,३०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो मात्र भलतीकडेच वळतो : उत्तरेकडे चढत पार ७१ अंश अक्षवृत्तापर्यंत, नोवाया झेमल्या बेटांच्या आसपास जातो आणि तिथून सैबेरियावरून जपानकडे उतरतो. हाच बृहत्वृत्ताचा, म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग. हीथ्रो आणि हानेदा या विमानतळांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातल्यावर पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ८६ अंशांहून किंचित जास्त आला; एका अंशाला १११ किलोमीटर धरले, की अंतर ९,६०० किलोमीटरच्या घरात जाते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने एवढ्या अंतराला पावणेअकरा तास पुरावेत, आणि धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण धरून फार तर बारा.

प्रत्यक्षात वेळापत्रकात चौदा तासांच्या आसपासची वेळ दिसली. कारण उघड आहे. २०२२ पासून ब्रिटिश आणि जपानी विमाने रशियावरून जात नाहीत, त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग कागदावरच राहतो. टोकियोला जाताना विमान बहुधा मध्य आशिया आणि चीनवरून जाते, कारण तिथे पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा पाठीशी असतो. परतताना मात्र तोच वारा टाळण्यासाठी अलास्का आणि ग्रीनलंडवरून वळसा घेतला जातो. (शीतयुद्धाच्या काळातही रशियावरून जाता येत नसे, म्हणून १९५७ मध्ये सुरू झालेली कोपनहेगन-टोकियो सेवा अलास्कातील अँकरेजला थांबत असे.)

उरला घड्याळाचा प्रश्न. टोकियो हिवाळ्यात लंडनच्या नऊ तास पुढे असते आणि उन्हाळ्यात आठ, कारण ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, जपानमध्ये मात्र ती पुढे-मागे करीत नाहीत. हिवाळ्यात सकाळी दहाला निघालो, तर चौदा तासांनी टोकियोत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असणार, पण शरीराच्या लेखी ती मध्यरात्रच. म्हणून बैठक आणखी एक दिवस पुढे ठेवावी, असे मी कळवून टाकले. परतीचे गणित उलट आहे : टोकियोहून सकाळी दहाला निघून साडेचौदा तास उडाले, तरी लंडनमध्ये त्याच दिवशीचे दुपारचे साडेतीनच वाजलेले असतात.