शाळेच्या डायरीतली नियमांची चार पानं

मुलीच्या शाळेच्या डायरीत सुरुवातीची चार पानं नियमांची असतात. जूनमध्ये ‘वरील नियम वाचले, मान्य आहेत’ याच्याखाली सही ठोकायची, डायरीला कव्हर घालायचं, विषय संपला. शाळा सिस्टर लोकांची, खासगी, विनाअनुदानित. सकाळच्या प्रार्थनेत येशूचं गाणं असणार आणि नखं, केस, बूट याबाबत कडक असणार, हे प्रवेश घेतानाच माहीत असतं. खरं तर निम्मे पालक या कडकपणासाठीच तिथे रांग लावतात. मीही लावली होती.

या चार पानांशी माझा संबंध आला तो शिक्षक-पालक संघामुळे. आपल्याकडे 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे संघाच्या कार्यकारी समितीसाठी इच्छुक पालकांतून सोडत काढतात. त्यात माझं नाव निघालं. ही समिती खरी फीसाठी. गणवेश वगैरे विषय आमच्याकडे येईल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो आला राखीपौर्णिमेनंतर.

हातावर मेंदी असलेल्या मुलींना गेटवर बाजूला काढलं. प्रार्थना होईपर्यंत व्हरांड्यात उभं केलं आणि काहींना बेसिनवर नेऊन हात घासायला लावले. मेंदी घासून जात नाही हे घासायला लावणाऱ्या बाईंनाही माहीत असणार, कारण दिवाळीत त्यांच्याच हातावर असते. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. एका बाजूला ‘आमच्या सणांवरच डोळा’, दुसऱ्या बाजूला ‘पटत नसेल तर दाखला काढा’. दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच मोठा आणि डायरी उघडून बघितलेली कुणीच नाही.

मी उघडली. तिथे मेंदी हा शब्दच नव्हता. ‘दागिने व सौंदर्यप्रसाधने वापरू नयेत’ एवढं एक वाक्य.

सभेत मी ते वाक्य वाचून दाखवलं. प्राचार्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “मग मॅडम, तुम्हीच लिहून आणा कसं हवं ते. आम्ही बघतो.” तिथून एक छोटी उपसमिती झाली: सुपरवायझर, दोन शिक्षिका, पी.टी.चे सर आणि आम्ही काही पालक.

पहिलं काम सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात कोणते नियम पाळायला लावतात ते मुलांना विचारून लिहून काढायचे. मुलांनी जे सांगितलं त्यातलं बरंच डायरीत कुठेही नव्हतं. रिबीन किती रुंद, क्लिप काळीच, पी.टी.च्या दिवशी मोजे घोट्याच्या वर, शर्टाच्या आत पांढरंच. यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी बाईंनी कधीतरी सुरू केलेला आणि पुढे चालू राहिलेला. एका वर्गात चालणारी क्लिप शेजारच्या वर्गात जप्त व्हायची. गंमत म्हणजे सवलतीसुद्धा अशाच अलिखित होत्या. एका शीख मुलाच्या कड्याला कुणाची हरकत नव्हती, पण दर जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलली की त्याची आई शाळेत येऊन सगळं पहिल्यापासून समजावून सांगायची.

आठवीच्या मुलींनी सांगितलेलं मात्र मला आधी ठाऊक नव्हतं. स्कर्टची लांबी तपासायला त्यांना गुडघ्यांवर बसवायचे. कड जमिनीला टेकली तर ठीक. माझ्या मुलीचा स्कर्ट मी त्या रात्री हातात घेऊन बघितला. जूनमध्ये वाढत्या अंगाचा म्हणून खाली चांगली चार बोटं दुमड ठेवून घेतलेला. ती दुमड मी दिवाळीतच उसवली होती. उन्हाने विटलेल्या निळ्यावर खाली उसवलेल्या भागाचा पट्टा गडद राहिला होता, जुन्या शिवणीची भोकं दिसत होती. आणखी उसवायला काही उरलेलं नव्हतं. मुलगी वाढत होती, बेशिस्त वागत नव्हती. पण जमिनीवर गुडघे टेकून, सगळ्या वर्गासमोर, हे ती कुणाला सांगणार?

पुढच्या बैठकीत एका वकील बाबांनी शिक्षण हक्क कायदा काढला. कलम 17, मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई. सिस्टरनी हसून सांगितलं की 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असं म्हटलंय. वकील बाबा गप्प. सिस्टरची तयारी आमच्यापेक्षा चांगली होती. मग वकील बाबांनी घरी जाऊन अभ्यास केला आणि पुढच्या वेळी बाल न्याय कायदा, 2015 आणला. त्याचं कलम 75 मुलांशी क्रूरतेबद्दल आहे आणि त्यात मानसिक त्रासही येतो. शाळा कुणाची हा प्रश्न तिथे येत नाही. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिलाय हे खरं, पण त्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे न्यायालयाने 1958 सालीच केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सांगून ठेवलंय.

माझं स्वतःचं मत हे सगळं वाचता वाचता बनत गेलं, आणि ते ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना आवडलं नाही. गणवेश ठरवणं हा शाळेचा अधिकार आहे असं मला वाटतं. 2018 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे डोक्यावर स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू द्यावा म्हणून दोन विद्यार्थिनी गेल्या होत्या. शाळा ख्रिस्ती व्यवस्थापनाची. न्यायालयाने खासगी संस्थेच्या अधिकाराला वरचं स्थान दिलं. दुसरीकडे 1986 चा बिजो इमॅन्युएल खटला. राष्ट्रगीताला उभी राहणारी, पण श्रद्धेमुळे न गाणारी तीन भावंडं शाळेतून काढली गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ते काढणं रद्द ठरवलं. या निकालांवरून मी एवढंच घेतलं की ‘काय घालायचं’ यावर शाळेशी भांडण्यात फार दम नाही. ‘नाही घातलं तर मुलाचं काय करणार’ यावर आहे. म्हणून मी मेंदीवरून भांडायचं सोडलं आणि मुलांना गेटवर अडवण्यावरून भांडायला लागले.

तरीही मेंदीवर तास-दीड तास गेलाच. सुपरवायझर बाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आज मेंदी, उद्या नेलपॉलिश. आणि सणाला कुणाच्या कानात काय आहे यावरून मुलींत जे चालतं ते गणवेशामुळेच आटोक्यात राहतं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 च्या ऑगस्टमध्ये राज्यांना पत्र पाठवून राखी, टिळा, मेंदी यांसाठी मुलांना शिक्षा होऊ नये असं कळवलं होतं. ते आम्ही पुढे केलं आणि शेवटी ठरलं: सणाला किंवा घरच्या लग्नाला तळहातावर मेंदी चालेल, पालकांनी डायरीत एक ओळ लिहावी. कानात साधे छोटे टॉप्स. राखी चालेल. कडं चालेल, आता छापील.

गळ्यातल्या वस्तूंवर मात्र चांगलीच जुंपली. ख्रिस्ती मुलींना साखळीतला क्रॉस घालायला परवानगी होती. एका पालकांनी विचारलं, मग रुद्राक्ष का नाही, ताईत का नाही? सिस्टर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कॉलरच्या आत. कुणाचंही असो, बाहेर दिसायला नको. क्रॉससुद्धा.” माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात न्याय्य वाक्य ते होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

धर्मशिक्षणाचा मुद्दा वकील बाबांनी जाता जाता काढला. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला, आणि बाकीची व्हॅल्यू एज्युकेशनला जातात, त्यामुळे तासाचा प्रश्न नव्हता. प्रार्थनेचा होता. प्रवेश अर्जात संमतीचा रकाना घालायचं ठरलं. नंतर कळलं, जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’वर खूण केली, व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वात जास्त तापलेल्यांनीसुद्धा.

गेटच्या नियमाला खरा विरोध पी.टी.च्या सरांचा. आमचा मसुदा असा होता: गणवेशातल्या चुकीसाठी कुणालाही वर्गाबाहेर ठेवायचं नाही, घरी पाठवायचं नाही, केस कापायचे नाहीत, गुडघ्यावर बसवून मोजायचं नाही. डायरीत शेरा द्यायचा, पुन्हा पुन्हा झालं तर पालकांना बोलवायचं. सर म्हणाले, “मग धाक कसला राहणार? पालक शेऱ्याखाली न वाचताच सही करतात.” हे तर मला माहीतच होतं. पण आठवीतल्या मुलीचा स्कर्ट ती स्वतः विकत घेत नाही. शेरा ज्याच्या खिशाला लागू आहे त्याच्याकडे जायला हवा, यावर अखेर एका शिक्षिकेनेच आमची बाजू घेतली आणि सर नाइलाजाने थांबले.

वागणुकीचा भाग वेगळा काढला. जुन्या डायरीत ‘व्हरांड्यात मोठ्याने बोलणे’ आणि ‘मारहाण’ एकाच परिच्छेदात, एकाच शिक्षेखाली होते. मारहाण, दमदाटी, मोबाइलवर फोटो काढणं हे गंभीर. बाकीचं वर्गशिक्षिकेने तिथल्या तिथे मिटवायचं. ‘मुलांचे केस गणवेशाला शोभतील असे असावेत’ हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. शोभतात की नाही हे कोण ठरवणार, असं मी विचारलं. सगळे हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. आठवीपासून मुलींना सलवार-कमीजचा पर्याय द्यावा ही मागणी व्यवस्थापनाने यंदापुरती फेटाळली.

मसुदा सिस्टरच्या मुख्य संस्थेकडे गेला आणि बराच काळ तिथेच राहिला. परत आला तेव्हा गेटचा नियम अक्षरशः शाबूत होता. बदल एकाच ठिकाणी होता. मुलाला काही दिवस शाळेतून बंद करायचं झालं तर लेखी कारण द्यावं आणि पालकांचं म्हणणं ऐकून घ्यावं, असं आम्ही लिहिलं होतं. लेखी कारण राहिलं. ‘म्हणणं ऐकून घ्यावं’च्या पुढे ‘प्राचार्यांना आवश्यक वाटल्यास’ हे तीन शब्द आले होते. डायरी आता तशीच छापली गेलीय. वकील बाबा त्या तीन शब्दांवर पत्र लिहून बसलेत. पुढच्या सोडतीत आमच्यापैकी कुणाचं नाव येवो न येवो, पत्र संघाच्या नावानेच जावं म्हणून आत्ता सह्या गोळा करणं चाललंय.