तुम्ही विचारलंत म्हणून: जिवाणूंना गंधक खायला किती दिवस लागतात?

कोळशाच्या फ्लोटेशनवर, म्हणजे फेसावर तरंगवून कोळसा साफ करण्यावर, काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "जिवाणू कोळशातलं गंधक खातात म्हणे, मग कोळसा साफ व्हायला किती दिवस लागतात?"

खायचंच म्हटलं तर दिवस, बहुतेकदा आठवडे. पण फ्लोटेशनमध्ये आम्ही त्यांना खायला वेळच देत नाही. त्यांनी पायराइटच्या, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या, कणाला चिकटायचं, बस्स. आणि ते काही मिनिटांत होतं.

फ्लोटेशनमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून बारीक कोळसा पाण्यात कालवतात, थोडं डिझेल आणि फेस आणणारं रसायन घालतात आणि हवा सोडतात. कोळशाला पाण्याचं वावडं. तो बुडबुड्याला धरून वर येतो, काळा फेस ओरपून घ्यायचा. मातीचे कण भिजून खाली राहतात. पायराइटची घनता पाण्याच्या पाचपटीच्या आसपास, म्हणजे कोळशाच्या तिपटीहून जास्त. ते तर बुडायलाच हवं! पण हवा लागून त्याच्या पृष्ठभागावर गंधकाचा पातळ थर धरतो, आणि तोही पाणी झटकतो. फेस वाळवून भिंगाखाली धरला की काळ्या चुऱ्यात पितळी ठिपके चमकतात. कोळसा जाळला की याच ठिपक्यांचा सल्फर डायऑक्साइड होतो.

इथे अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स कामाला येतो. 1947 साली कोल्मर आणि हिंकल यांना हा जिवाणू कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात सापडला. लांबी जेमतेम एक मायक्रॉन, पीएच 2 च्या पाण्यात सुखाने जगतो, लोह आणि गंधकाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतो. तो पायराइटवर बसला की कणाचा पृष्ठभाग पाणी धरू लागतो, बुडबुडा त्यावरून निसटतो आणि कण खाली राहतो. मला सगळ्यात भावते ती त्याची निवड. ओहमुरा, कितामुरा आणि साइकी यांनी 1993 मध्ये दाखवलं की ई. कोलाय हा दुसरा जिवाणू पाणी झटकणाऱ्या खनिजांना चिकटतो, फेरोऑक्सिडन्स मात्र लोह असलेली खनिजं निवडतो. कोळशाला सोडून पायराइट धरायचं, तर हीच निवड हवी.

तरीही सगळं गंधक जात नाही. काही गंधक कोळशाच्या कार्बनशीच रासायनिक बंधाने जोडलेलं असतं. त्याला वेगळा कणच नसतो, मग चिकटायचं कशाला? आणि पायराइटचे काही झुबके तुतीच्या फळासारखे असतात, मायक्रॉनभर स्फटिकांचे गोळे, कोळशाच्या कणात पुरते रुतलेले. दळून ते मोकळे झाले नाहीत तर जिवाणू पोचणार कुठून? हे झुबके बहुधा दलदलीच्या काळातले. तेव्हा दुसऱ्याच जिवाणूंनी पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड केला आणि त्याची लोहाशी गाठ पडली. म्हणजे ते गंधक तिथे नेऊन ठेवण्यातही जिवाणूंचाच हात! म्हणून कुणी जिवाणूंनी कोळसा साफ करू म्हटलं की मी आधी विचारते, यात पायराइटचं गंधक किती आणि कार्बनशी जोडलेलं किती? त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कारखान्यातल्या अडचणी वेगळ्या. हे जिवाणू सावकाश वाढतात आणि टनावारी कोळशाला ते अफाट संख्येने लागतात. आम्लाचं पाणी साध्या पोलादाची यंत्रं खातं. शिवाय पायराइट ज्या गाळात जातं त्यात तेच खाणारे जिवाणूही जातात, आणि तिथे त्यांना वेळच वेळ असतो. गाळ हवा-पाण्यापासून झाकला नाही तर त्यातून पुन्हा आम्ल झिरपणार. याचा विचार प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मला आता जास्त आशा वाटते ती जिवंत जिवाणू टाकीत ओतण्यापेक्षा त्यांनी स्रवलेली पॉलिसॅकराइडं (शर्करेच्या लांब साखळ्या) आणि प्रथिनं वेगळी काढून वापरण्याच्या कामाची. पायराइटच्या पृष्ठभागाला ओलं ठेवायला तीही पुरली, तर गाळात खाणारं कुणी जाणार नाही.