दूध पाजणाऱ्या आईने दुखणं का सोसायचं?

धाकट्या बहिणीची दाढ ठणकत होती, तरी 'बाळ अंगावर पितंय' म्हणून ती गोळी न घेता सोसत होती. आज तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आयबुप्रोफेन लिहून दिलं. मी दचकलेच! गरोदरपणात २०व्या आठवड्यानंतर हीच गोळी टाळायला सांगतात, कारण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. पण दुधात ती अगदी नगण्य उतरते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. कोडीन ही दुखण्यावरची दुसरी गोळी मात्र पाजताना नको, बाळाचा श्वास मंदावू शकतो.

हे बाळंतिणीला आधीच कोणी का सांगत नाही? खरंच जीव तुटतो. आणि मैत्रिणींनो, फिट्सची गोळी चालू असताना दिवस गेले, तर ती मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.