तुम्ही विचारलंत म्हणून : खुन्याचं वकीलपत्र

हुरड्याला कुणी बोलावलं की हा प्रश्न येतोच. गरम कणसं हातावर मळून झालेली असतात, शेंगाची चटणी पुढ्यात आलेली असते, आणि शेजारचा हळूच विचारतो, "वकीलसाहेब, त्यानं खून केलाय हे ठाऊक असून तुम्ही त्याचं वकीलपत्र घेता कसं?"

ठाऊक नसतं हो. पक्षकार वकिलाला सगळं खरं सांगतो, ही तुमची समजूत. निम्मे खोटं बोलतात, उरलेले अर्धवट सांगतात. सोलापुरात एवढी वर्षं फौजदारी करतोय, खून करताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. मी कागद पाहतो. फिर्याद, पंचनामे, जबाब.

एक खटला सांगतो. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार, तेलंगणातून येऊन वर्षही झालं नव्हतं. सोबतच्या कामगाराला भोसकल्याचा आरोप. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नाही. सगळी केस एका चाकूवर उभी : आरोपीनं कोठडीत असताना पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी साक्षीला बोलावलेल्या लोकांसमोर, निवेदन केलं आणि चाकू काढून दिला. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, पण तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव नि कलमाचा नंबर बदललाय, खेळ तोच आहे.

पंच पिंजऱ्यात आला, पाठ केल्यासारखं घडाघडा बोलला. उलटतपासणीत मी विचारलं, आरोपी नेमकं काय म्हणाला?

"चाकू लपवलेली जागा दाखवतो, म्हणाला."

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत की."

"तुम्हाला तेलुगू येतं?"

"नाही."

मी खाली बसलो. आरोप ठेवताना याच कोर्टानं या आरोपीसाठी तेलुगूचा दुभाषी घेतला होता, रोजनाम्यात तशी नोंद होती. बाकीचं युक्तिवादाच्या दिवशी. तिथंच आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पंचानं सावरून घेतलं असतं, "हातवारे करून सांगितलं साहेब." कुठं थांबायचं हे शिकायला मला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांची किंमत काही पक्षकारांनी मोजली.

तो सुटला. त्यानं खून केला होता का? मला माहीत नाही. त्या पंचालाही माहीत नव्हतं, आणि माझा मुद्दा एवढाच होता.

आमच्या धंद्यातलं मोठं नाव राम जेठमलानी. सतराव्या वर्षी वकिलीची परीक्षा पास झालेला माणूस. लोकांना ते आठवतात इंदिरा गांधींच्या हत्येतल्या आरोपींचे वकील म्हणून, तेही नाक मुरडून. त्या खटल्यात बलबीरसिंग या फौजदाराला खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला पुराव्याअभावी सोडलं, हे मात्र कुणाला आठवत नाही. मला त्यांचा पुण्याचा सारडा खटला जास्त जवळचा. तिथंही दोन्ही कोर्टांनी फाशी दिलेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटला, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारं कुणी नसताना गुन्हा कसा शाबीत करायचा याची, पाच सूत्रं त्या निकालात आली. निकालपत्रातच त्यांना पंचशील म्हटलंय. त्यातलं पहिलंच सूत्र : गुन्हा यानं केला 'असेल' आणि यानंच केला 'असला पाहिजे', या दोहोंत फार अंतर आहे. महाराष्ट्रातला असा एक फौजदारी वकील दाखवा, ज्यानं हा निकाल कोर्टापुढं ठेवला नसेल.

आणि सोलापूरकरांनी तरी मला हा प्रश्न विचारू नये. १९३० च्या मार्शल लॉनंतर ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन सरकारदरबारी पोलिसांचे खुनीच होते. दर जानेवारीत आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो.

"मग रात्री झोप लागते का?" हा पुढचा प्रश्न. बहुतेक लागते.

एका खटल्यात मेलेल्या मुलाची आई दर तारखेला यायची. डबा घेऊन, बाहेरच्या बाकावर. रक्ताचे कपडे सील न करताच तपासणीला गेले होते, मी त्यावर बोट ठेवलं, आरोपी सुटला. काम मी चोख केलं, तपास अधिकाऱ्यानं केलं नाही. पण त्या आरोपीबद्दल मला स्वतःला काय वाटत होतं, ते मी आजवर घरीही बोललेलो नाही.

निकालाच्या दिवशी ती जिन्यात भेटली. शिव्या देईल असं वाटलं. म्हणाली, "साहेब, आता कुठं जायचं?"

विरुद्ध बाजूला सल्ला द्यायचा नाही, असा आमचा शिरस्ता. मी जिन्यातच थांबून सांगितलं, सरकारनं अपील केलं नाही तरी तुम्हाला स्वतःला करता येतं, २००९ च्या दुरुस्तीनं तो हक्क दिलाय. तेव्हा हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच व्हायचं होतं, हायकोर्ट म्हणजे मुंबईच. वहीचं पान फाडून लिहून दिलं : सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सीएसटीला उतरायचं, तिथून फोर्ट.

तिनं पान डब्याच्या पिशवीत ठेवलं. माझा पक्षकार खाली पेढे घेऊन उभा होता.