वॉर्सा ते यास्ना गुरा, पायी

6 ऑगस्टला सकाळी पोलंडच्या राजधानीतल्या, वॉर्सातल्या पाउलिन संन्याशांच्या चर्चमधून दिंडीबरोबर निघालो आणि 14 ला चेन्स्तोखोवा शहरात, मेरीमातेचं चित्र असलेल्या यास्ना गुराच्या मठात पोचलो. मधला कुठला मुक्काम कधीचा, आता सांगता येत नाही. पिलिका नदी, कापणी झालेली रानं, रात्री कोठारात पेंढ्यावर पथारी. दिंडीत सगळे एकमेकांना भाऊ, ताई म्हणतात. माउली म्हणणाऱ्या जिभेला ते जड गेलं नाही.

चौथ्या की पाचव्या दुपारी डावी टाच गेली. तापलेलं डांबर, मोज्यात वाळू, वर घाम. ओली कातडी घासली की तासाभरात फोड धरतो. टाच चुरचुरली तेव्हाच मोजे बदलायला हवे होते, मी चालत राहिलो. एका दारातल्या आजींनी हाताला धरून बाकावर बसवलं, घमेल्यात कोमट मिठाचं पाणी आणलं. पाय कोरडा करून सुई ज्योतीवर धरली, स्पिरिटने पुसली, फोडाच्या कडेला दोन जागी टोचून पाणी दाबून काढलं. वरची कातडी मात्र सोलू दिली नाही. नवी येईपर्यंत तीच झाकण. वर पट्टी, आणि घरातले धुतलेले सुती मोजे. चेरीचं सरबत दोनदा पेला भरून दिलं. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "तिथे माझी आठवण काढ."

माझ्यापुढे पाठीला भोंगा बांधलेला एक मुलगा होता. पुढच्यांचं पद संपायचं तेव्हा मागच्यांची अर्धी ओळ उरलेली असायची, आणि ते सगळं माझ्या कानात. त्याच भोंग्यातून मठाला पडलेल्या 1655 च्या वेढ्याचं प्रवचन झालं. स्वीडिश फौजा जुलैत पोलंडवर आल्या, उयश्च्या गावापाशी पोलिश सरदारांनी शरणागती पत्करली, वॉर्सा गेलं, क्राकुव गेलं, राजा शेजारच्या सायलेशिया प्रांतात पळालेला. 18 नोव्हेंबरला स्वीडिश जनरल म्युलर मठासमोर आला. आत मठाधिपती कोर्देत्स्की आणि लढणारे सुमारे 300. तटाला बुरूज होते, म्युलरच्या तोफा हलक्या. क्राकुवहून जड तोफा आल्या तोवर डिसेंबर उजाडला, जमीन गोठली. 27 डिसेंबरला वेढा उठला.

प्रवचनात एक गोष्ट आलीच नाही आणि मला राग आला. मेरीमातेचं मूळ चित्र त्या वेळी मठात नव्हतंच. वेढ्याआधीच ते सायलेशियात लपवलं होतं. विठोबाची मूर्ती आक्रमणांत हलवल्याच्या हकिकती ऐकत वाढलेल्याला यात कमीपणा वाटत नाही. माय दूर होती, तरी तिच्या रिकाम्या घरासाठी माणसं तटावर उभी राहिली. 1966 मध्ये मॉस्कोच्या छायेतल्या सरकारने गावोगाव फिरणारी चित्राची प्रत अडवून ठेवली, तेव्हाही लोकांनी रिकामी चौकट फिरवली, 1972 पर्यंत.

या वारीचं मूळही फौजांपाशी पोचतं. 1702 मध्ये स्वीडिश पुन्हा वॉर्सात शिरले, युद्धामागून प्लेग आला, आणि त्या साथीत केलेल्या नवसातून 1711 साली पहिली दिंडी निघाली. पुढे वारीची दोन्ही टोकं परक्या हाती गेली: 1793 मध्ये प्रशियाने चेन्स्तोखोवा घेतलं. 1795 मध्ये वॉर्साही.

म्स्तुव गाव मागे पडलं. प्शेप्रोश्ना गुर्का ही माफीची टेकडी. इथून मठाचा मनोरा दिसतो आणि सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मी भोंगेवाल्याकडे गेलो. पट्ट्याने त्याचे दोन्ही खांदे सोलवटले होते, नऊ दिवस. आजींच्या पट्टीचं उरलेलं भेंडोळं माझ्या खिशात होतं.