विंधनविहिरीच्या पाण्यातील किरणोत्सार : तपासणीचा माझा अनुभव

विंधनविहिरीचे पाणी वापरायला सुरुवात करताना मी नेहमीची तपासणी करून घेतली होती. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू हे सगळे मर्यादेत होते आणि पाणी चवीलाही चांगले होते. पण विहीर ग्रॅनाइटच्या खडकात उतरलेली आहे आणि ग्रॅनाइटमध्ये इतर बऱ्याच खडकांपेक्षा युरेनियम जास्त असते, हे वाचनात आल्यावर मला स्वस्थ बसवेना. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमला ना रंग, ना वास. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

नमुना घेण्याचे काम वाटले त्यापेक्षा नाजूक निघाले. प्रयोगशाळेने दिलेल्या मोठ्या बाटलीत नायट्रिक आम्ल आधीच घातलेले होते, कारण आम्ल नसेल तर युरेनियम आणि त्यापासून तयार होणारे किरणोत्सारी रेडियम बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. काचेची लहान बाटली रेडॉनसाठी, म्हणजे रेडियमपासून तयार होणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी होती. पंप बराच वेळ चालू ठेवायचा, नळी बादलीच्या तळाशी धरायची, बाटली पाण्याखालीच भरायची आणि झाकणही पाण्याखालीच लावायचे. मी भरलेली पहिली बाटली उलटी केली तेव्हा वाटाण्याएवढा बुडबुडा वर सरकला. रेडॉन वायू असल्याने तो पाण्यातून त्या हवेत निघून जातो, म्हणून ती ओतून पुन्हा भरली. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. म्हणून बाटलीवर वेळ लिहून ती त्याच दिवशी पोहोचवली.

अहवालात एकूण अल्फा किरणोत्सार (अल्फा कण सोडणाऱ्या सर्व मूलद्रव्यांचा मिळून) लिटरला १.४ बेकरेल होता; सेकंदाला एक अणू विघटित होणे म्हणजे एक बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेची प्राथमिक चाळणीची पातळी ०.५ बेकरेल आहे, त्यामुळे मी हादरलो. मात्र ही पातळी ओलांडली म्हणजे पाणी पिण्यास अयोग्य ठरले असे नव्हे. कोणते मूलद्रव्य किती आहे, हे वेगळे मोजायला हवे, एवढाच तिचा अर्थ आहे. तशी मोजणी केल्यावर रेडियम अत्यल्प निघाले, याचे मला फार समाधान वाटले, कारण शरीर रेडियमला कॅल्शियमसारखे वागवते आणि ते हाडांत साठते. रेडॉन लिटरला ६० बेकरेल होता. त्याचा मुख्य धोका पाण्यातून घरातल्या हवेत मिसळून फुप्फुसांत जाण्याचा, पण एवढ्या प्रमाणामुळे हवेत पडणारी भर थोडीच असते.

युरेनियम मात्र लिटरला ५२ मायक्रोग्रॅम आले. रोज दोन लिटर पाणी धरून हिशेब केला, तर त्यापासून वर्षाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा ०.०५ मिलिसीव्हर्टच्या (शरीरावर होणाऱ्या किरणोत्साराच्या परिणामाचे एकक) आतच राहते, म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी धरलेल्या ०.१ मिलिसीव्हर्टच्या निम्म्याहून कमी. तरीही ते पाणी पीत राहणे योग्य नव्हते, कारण युरेनियम हा जड धातू आहे, तो रासायनिकदृष्ट्या मूत्रपिंडाला अपायकारक ठरतो आणि त्यासाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. किरणोत्साराच्या भीतीने तपासणीला गेलेल्या मला मूत्रपिंडाच्या काळजीने उपाय करावा लागला, ही गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते.

पाणी उकळून युरेनियम जात नाही. उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. (रेडॉन मात्र उकळताना निघून जातो.) म्हणून पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी आरओ यंत्र बसवले. आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी पूर्वीचेच ठेवले, कारण युरेनियम त्वचेतून फारसे शोषले जात नाही. यंत्र बसले म्हणून मी निर्धास्त झालो नाही; त्यातून आलेल्या पाण्याचा नमुना पुन्हा दिला आणि त्यात युरेनियम २ मायक्रोग्रॅम आले. यंत्रातला पाणी गाळणारा पडदा जुना झाला की त्याची क्षमता घटते आणि विहिरीतले प्रमाणही पाण्याच्या पातळीबरोबर बदलू शकते, त्यामुळे आता दर वर्षी मी विहिरीचे आणि यंत्रातले असे दोन्ही नमुने एकाच दिवशी देतो.