तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा जणींच्या वर्गात कथक येतं का?

चाळिशी ओलांडल्यावर कथक शिकायला लागले, तेव्हापासून हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं: "एवढ्या जणींत काय शिकून होतं हो? एकटीची शिकवणी लावा की." तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं, ते आता देते.

आमचा वर्ग पुण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार भरतो. सगळ्यांत लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यांत मोठी मी. शिकवणाऱ्या ताई माझ्याहून लहान आहेत, पण त्या ताईच, आणि मी वर्गभराची काकू. एका तासाला चौदाने भागलं की प्रत्येकीच्या वाट्याला चार मिनिटं आणि वर काही सेकंद येतात. हा भागाकार मीही केला होता. तो चुकलाय हे कळायला आठ महिने लागले, आणि कळलं ते एका पाय मुरगळलेल्या मुलीमुळे.

कथकची सुरुवात तत्काराने, म्हणजे ठरलेल्या बोलांवर पायांचे आघात करण्याने होते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिले चार आघात उजवा, डावा, उजवा, डावा. पुढचे चार डाव्यापासून. म्हणजे चौथा आणि पाचवा आघात लागोपाठ डाव्याच पायाचा, आणि आठव्यावरून पुन्हा पहिल्यावर येताना उजवा दोनदा. मी काय करत होते, तर रस्त्याने चालल्यासारखी उजवा-डावा, उजवा-डावा. गंमत अशी की आवाज अगदी तोच येतो! आठ आघात, लयीत, स्वच्छ. चौदा जणींच्या घुंगरांत ताईंना कळणार कसं? मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

त्या दिवशी ती दहा वर्षांची मुलगी पायाला पट्टी बांधून आली होती. नाचता येईना, म्हणून ताईंनी तिला समोर बसवून ताल धरायला सांगितला. तीनताल, 16 मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, एक फेरी; तिला आवर्तन म्हणतात. पहिली, पाचवी, तेरावी टाळी, नववी खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. तिला टाळ्या द्यायच्या होत्या आणि आमच्या पायांकडे बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. तिसऱ्या आवर्तनात ती म्हणाली, "काकू, तुमचा पाचवा उलटा पडतोय." हात चालूच. ताल सोडला नाही पोरीने.

तेव्हापासून मी बसायला लागले. म्हणजे आपली पाळी नसताना पाण्याची बाटली आणि मोबाइल यांच्याकडे न जाता ताल धरून बसायचं आणि दुसरीचे पाय बघायचे. तिहाईचंच घ्या. पाच मात्रांचा एक तुकडा तीनदा म्हणायचा, मध्ये दोनदा एकेक मात्रा गप्प राहायचं. पाच आणि एक सहा, पुन्हा सहा, शेवटी पाच, झाले सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा. कागदावर कुणालाही जमतं. नाचताना मात्र ती गप्प मात्रा प्रत्येकजण गिळतो, कारण रिकाम्या जागेत उभं राहायची भीती वाटते. एकीने गिळली, दुसरीने गिळली, तिसरी समेच्या आधीच पोचून ओशाळं हसली. माझी पाळी सहावी होती. तोवर ती एक मात्रा मला टेबलखुर्चीसारखी दिसायला लागली होती. एकटीच्या शिकवणीत ही सगळी गिळागिळ मला स्वतःला करावी लागली असती.

ताई दुसरीला "कोपर खाली पडतंय" म्हणाल्या की आपलंही कोपर बघावं. निम्म्या वेळा पडलेलंच असतं.

उभं कुठे राहायचं, हेही विचारतात. शेवटच्या रांगेत राहू नका. तिथे लाज झाकली जाते, पण समोरचीचे पाय बघून पाय टाकायची सवय लागते, आणि बघून करणारा नेहमी कणभर मागे पडतो. मी दुसऱ्या रांगेत कडेला उभी राहते. आणि बोल मोठ्याने म्हणा. पढंत, म्हणजे बोल असे तोंडाने म्हणणं, ही केवळ परीक्षेत विचारतात म्हणून घोकायची गोष्ट नव्हे. तोंडात जिथे अडखळतं, पाय तिथेच अडखळतो. मी पीएमपीच्या बसमध्ये पुटपुटत टाळी देते. शेजारची बाई एकदा जागा बदलून गेली, ते जाऊ दे.

घरी रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रविवारनंतर लगेच सोमवारी सुरू करा. शुक्रवारी रात्री केलेला रियाज हा गृहपाठ उरकण्यातला प्रकार. फोनवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, लावायचा, घुंगरू काढून ठेवायचे. आमच्या खालच्या मजल्यावर आजोबा राहतात, म्हणून मी सतरंजीवर करते. आवाज दबतो आणि आघात खरा पडला की नुसता घासला, ते तळव्याला कळतं.

आता दुसरी बाजू. प्रत्येक घोळका हा वर्ग नसतो. मी आधी जिथे जायचे तिथे तीस जणी होत्या, शिकवणाऱ्या बाई स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून फोनमध्ये असायच्या, आणि महिन्याला एक नवा नाच 'बसवून' मिळायचा. सोळापर्यंत मोजायला कुणी शिकवलं नाही. वर्ग निवडताना मी एवढंच बघते: एकेकीला एकटीने एक आवर्तन करायला लावतात का?

गेल्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा दिली. परीक्षकांनी तत्कार हातावर म्हणायला सांगितला, मग पायांनी. पाचव्या आघाताला त्यांनी खाली पाहिलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. डावा पडला.

चक्करांचं मात्र वेगळं. पाचव्या चक्कराला मी डावीकडे सरकते, आणि तो तोल नेमका कुठे सुटतो हे रांगेतल्या कुणालाही सांगता आलं नाही. त्यासाठी ताईंकडे एकटीचे चार तास लावलेत. त्यातले दोन झाले. अजून सरकतेय.